उष्टावण झालं, आता वरणाचं पाणी की खिमट?

बी-३०४: रविवारी बाळाच्या उष्टावणाला सगळे आलात, खूप बरं वाटलं. एक विचारायचं होतं. सासूबाई म्हणतात, पहिला महिना नुसतं वरणाचं पाणी द्यायचं. सहा महिने पूर्ण झालेत त्याला. तेवढ्यावर भागेल का?

ए-१०२ आजी: आम्ही तर पेजेवरच वाढवली पोरं.

सी-२०१ मावशी (अंगणवाडी): आजी, तुमची पेज दाट असायची. हल्ली वरणाचं पाणी म्हणजे वरची निवळ. डाळ तळाशी राहते आणि लेकरू पिवळं पाणी पितं. त्याचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरलं की दूधही कमी पितं. सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, ते अन्नातूनच जायला हवं. म्हणून डाळ-तांदळाचं खिमट चांगलं घोटून, वर तूप घालून द्या. चमचा तिरका केला तर ओघळायला नको, इतकं दाट. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. मग वाढवत अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवा.

बी-३०४: मीठ घालू का थोडं? तोंड वाकडं करतो.

मावशी: वर्षापर्यंत मीठ नको, साखरही नको. नवी चव आहे, तोंड वाकडं करणारच. दोन दिवसांनी तेच परत द्या. आणि मध तर चाटवायलाही नको. त्यातल्या जंतूंमुळे एवढ्या लहान बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

बी-४०२: अंडं चालतं?

मावशी: चालतं, पूर्ण उकडलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही कुस्करून. खात नसाल तर खिमटात पालक घोटा आणि वर लिंबाचे चार थेंब पिळा, लोह अंगी लागतं.

डी-१०३: दिंडोरीहून द्राक्षांची पेटी आली आहे, वॉचमनकडे ठेवलीय. बाळालाही द्या.

मावशी: अख्खं द्राक्ष बाळाच्या हातात अजिबात नको!! गोल, निसरडं असतं, श्वासनलिकेत अडकलं तर जीव जातो. आत्ता द्यायचंच तर स्वच्छ धुऊन, साल-बी काढून कुस्करून. पुढे हाताने खायला लागला की उभ्या चार फोडी करायच्या. अख्खा शेंगदाणाही नको. अगदी बारीक कूट खिमटात मिसळलेलं चालेल. आणि खाताना बाळ बसलेलं हवं, आडवं नाही.

बी-३०४: नाचणीचं सत्त्व विकतचं आणू का?

मावशी: घरीच करू. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून मंद भाजायची, मग दळून वस्त्रगाळ. मोड आले की खीर फार घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त घालता येतं. लेकराच्या पोटात जास्त जातं. माझी भिजत घातलीच आहे, वाळली की गिरणीत देईन. एक कोरडा डबा पाठवून द्या.