बाबांना एएमएल निघालाय, जेनेटिक टेस्ट कोणत्या कराव्यात आणि रिपोर्ट कसा वाचायचा? सल्ला हवाय

अबोली_२२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच असा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबा ६१ वर्षांचे, तब्येतीने काटक, पण दीड महिना नुसता थकवा आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त, म्हणून सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि प्लेटलेट खाली. परवा बोन मॅरो झाली आणि फ्लो सायटोमेट्रीवरून एएमएल म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया नक्की झाला.

हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) कॅरिओटाइप आणि फिश या गुणसूत्रांच्या टेस्ट आणि एफएलटी३, एनपीएम१ या जीन्समध्ये बदल आहे का ते बघायला पीसीआर पाठवलीय. आता विचारतायत की मोठं मायलॉइड पॅनल, एकदम बऱ्याच जीन्स बघणारं, ते एनजीएस म्हणतात ते, तेपण पाठवू का, पण त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील. दादाचं म्हणणं केमो तर चार दिवसांत सुरू होणारच आहे मग इतक्या उशिरा येणाऱ्या रिपोर्टने काय होणार. मला उगाच वाटतंय की करावं पण का ते सांगता येत नाहीये. काल रात्रभर नेटवर वाचत बसले, एकीकडे लिहिलंय एनपीएम१ असेल तर चांगलं, दुसरीकडे एफएलटी३ असेल तर वाईट, आणि दोन्ही असेल तर तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरं, डोकं फिरायची वेळ आली. ज्यांच्या घरात हे झालंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा, पॅनल करावं का, आणि या रिपोर्टवरून पुढचं खरंच कितपत कळतं?

सूक्ष्मदर्शक

अबोली, मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही पण सँपलबद्दल पोटतिडकीने बोलेन. पॅनल पाठवा, आणि केमोच्या आधीचंच सँपल पाठवा. केमो सुरू झाली की ज्या पेशींचे जीन्स बघायचेत त्याच पेशी मरायला लागतात, मग महिन्याभराने वाटलं की अरे हे बघायला हवं होतं तर तो दिवस परत आणता येत नाही. समजा आत्ता पॅनल नाहीच करायचं ठरलं तरी लॅबला एवढं नक्की सांगा की डीएनए काढून साठवून ठेवा.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर असं की सगळे रिपोर्ट एकाच निर्णयासाठी नसतात. एफएलटी३ची पीसीआर दोन-चार दिवसांत येते कारण त्यावर पहिल्या केमोसोबतचं औषध ठरतं. फिशसुद्धा लवकर येते, पण ती जे शोधायला सांगितलंय तेवढंच शोधते. कॅरिओटाइपमध्ये पेशी जिवंत ठेवून वाढवतात आणि साधारण २० पेशींची गुणसूत्रं डोळ्यांनी मोजून बघतात, त्याला आठवडाभर तरी धरा, आणि त्याचं सँपल हेपरिनच्या ट्यूबमध्येच लागतं, ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं चालत नाही. सँपल गोठलं किंवा दोन दिवस कुठेतरी पडून राहिलं की कल्चर फेल जातं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की कोणी मॅरो करणार म्हटलं की आधी हेच सांगते. एनजीएस पॅनल सगळ्यात शेवटी येतं पण ते मुख्यतः रेमिशननंतर, म्हणजे आजार आटोक्यात आल्यावर काय करायचं, बोन मॅरो ट्रान्सप्लांट हवं की नको, यासाठी लागतं आणि तो निर्णय तसाही चार-सहा आठवड्यांनीच घ्यायचा असतो. म्हणजे उशीर झालेला नसतो, तो रिपोर्ट त्याच्या वेळेवर येतो.

रानवाट

अबोलीताई, बायकोला झाला तेव्हा मी अगदी तुमच्याच जागी होतो म्हणून लिहितोय. तिला एनपीएम१ आणि एफएलटी३-आयटीडी (एफएलटी३मधलाच एक प्रकारचा बदल) दोन्ही होतं, कॅरिओटाइप नॉर्मल. नेटवर तीन वेगळी उत्तरं का मिळतात ते मला फार उशिरा कळलं. युरोपियन ल्युकेमियानेटची जी वर्गवारी सगळे डॉक्टर वापरतात, चांगला धोका, मधला, वाईट, ती २०१७ मध्ये वेगळी होती आणि २०२२ मध्ये बदलली. २०१७ मध्ये एनपीएम१ सोबत एफएलटी३चं प्रमाण कमी असेल तर चांगल्या गटात टाकायचे, २०२२ पासून एफएलटी३-आयटीडी असेल तर प्रमाण न बघता आणि एनपीएम१ असो नसो मधला गट, जोपर्यंत दुसरं काही वाईट सापडत नाही तोपर्यंत. म्हणून जे काय वाचाल त्याचं साल आधी बघा. मी जुना लेख वाचून चार दिवस खुश होतो आणि मग डॉक्टरांनी मधला गट म्हटल्यावर मला वाटलं तब्येत बिघडली, खरं तर काहीच बदललं नव्हतं, फक्त तक्ता नवा होता.

आणि अजून एक, हे आकडे जुन्या पेशंटांवरून काढलेले असतात. एफएलटी३वरचं औषध मिडोस्टॉरिन २०१७ मध्ये मंजूर झालं, त्याआधी उपचार घेतलेल्यांचे आकडे आज तसेच्या तसे लावून घाबरू नका, मी घाबरलो होतो.

पहाटवारा

वरच्या शेवटच्या वाक्याला +१००. मला स्वतःला सीएमएल आहे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा हळू वाढणारा प्रकार, एएमएल नाही, त्यामुळे तुलना करू नका, पण जेनेटिक रिपोर्टमध्ये वाईट लिहिलं म्हणजे कायमचं वाईट असं नसतं हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला पटणार. सीएमएलची खूण असलेला फिलाडेल्फिया क्रोमोझोम १९६० मध्ये सापडला, १९७३ मध्ये जॅनेट रावलींनी दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत, आणि तरी कित्येक वर्षं ते फक्त निदान होतं, करण्यासारखं फारसं काही नव्हतं. २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आलं आणि तीच खूण औषधाचं निशाण झाली. मी आज गोळी घेऊन कामावर जातो. एएमएलमध्येच एपीएल नावाचा प्रकार आहे, १५ आणि १७ची अदलाबदल, पूर्वी त्यात माणसं रक्तस्रावाने पटापट जायची, आता एट्रा आणि आर्सेनिक या औषधांवर बहुतेक जण बरे होतात.

माझ्यात भविष्य एका टेस्टवरून नाही ठरलं, दर तीन महिन्यांच्या पीसीआरने ठरत गेलं, त्या खुणेचं प्रमाण तीन महिन्यांत १० टक्क्यांच्या आत, वर्षात ०.१ टक्क्याच्या आत असं बघत जातात. पहिल्या दिवशीचा रिपोर्ट ही सुरुवात असते, पेशी औषधाला कसा प्रतिसाद देतात हे त्यापेक्षा जास्त बोलतं.

गोधडी

मला एक वेगळी बाजू सांगायचीय जी आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. आत्याला एमडीएस होता, म्हणजे बोन मॅरो नीट रक्तपेशी बनवत नाही तो आजार, पॅनलमध्ये डीडीएक्स४१ नावाचं म्युटेशन आलं, प्रमाण जवळपास ५० टक्के. डॉक्टर म्हणाले एवढं प्रमाण म्हणजे हे कदाचित जन्मापासूनचं, घराण्यातून आलेलं असू शकतं, खात्री करायला कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवून तपासलं, कारण रक्तात आणि थुंकीत त्याच आजारी पेशी असतात. ते खरंच घराण्यातलं निघालं. आणि माझे काका, जे ट्रान्सप्लांटला डोनर होणार होते, त्यांच्यातही तेच सापडलं, मग डोनर बदलला. हे कळलं नसतं तर आजाराचं तेच बी परत तिच्या अंगात गेलं असतं. तेव्हा भावंडांपैकी कोणी डोनर होणार असेल तर पॅनल आधी बघून घ्या, एवढंच कळकळीने सांगते. घरात अजून कोणाला रक्ताचा आजार किंवा वर्षानुवर्षं कमी प्लेटलेट असेल तर तेपण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रानवाट

गोधडी, हे मला माहीत नव्हतं, थँक्यू. अजून एक आठवलं. रेमिशननंतरच्या पॅनलमध्ये बायकोचं डीएनएमटी३ए जीनमधलं म्युटेशन तसंच दिसत होतं, आम्ही हादरलो, वाटलं आजार राहिलाच आहे. पण ते बऱ्याचदा आजाराच्याही आधीपासूनच्या जुन्या पेशींचं असतं, वयाबरोबर निरोगी माणसांतही दिसतं, त्यामुळे टीईटी२, एएसएक्सएल१ आणि डीएनएमटी३ए या तिघांवरून आजार शिल्लक आहे का हे ठरवत नाहीत. एनपीएम१ मात्र खरं मोजमाप. ते जातंय का यावर लक्ष ठेवा.

अबोली_२२

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. पॅनल पाठवलं आणि डीएनए साठवायलाही सांगितलं. आज पीसीआर आली, एनपीएम१ पॉझिटिव्ह आणि एफएलटी३-आयटीडीपण पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले आत्ता तरी मधला गट, कॅरिओटाइप आणि पॅनल आलं की परत बघू. केमो उद्यापासून, आठव्या दिवसापासून मिडोस्टॉरिन. मी आणि दादा दोघांची एचएलए टायपिंग (डोनर म्हणून जुळतो का ते बघणारी टेस्ट) करून ठेवतायत, मुलं अर्धी तरी जुळतातच म्हणाले.

अजून एक विचारू का, बाबांना हे किती सांगायचं? ते स्वतःहून काही विचारत नाहीयेत पण फाइल उघडी ठेवली की तिच्याकडे बघत बसतात.

पहाटवारा

पेशंट म्हणून सांगतो, ते फाइलकडे बघतायत म्हणजे त्यांना प्रश्न आहे. त्यांनाच विचारा की बाबा तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, आकडे हवेत का फक्त पुढे काय करायचंय ते हवंय. मला आकडे नको होते, पुढचं पाऊल हवं होतं, आणि माझ्या पाठीमागे खोलीबाहेर चाललेलं बोलणं मला आकड्यांपेक्षा जास्त लागलं. माझ्या शेजारच्या बेडवरच्या गृहस्थांना सगळे टक्के पाठ हवे होते, त्यांना त्यानेच धीर यायचा.

सूक्ष्मदर्शक

हेच लिहायला आले होते, छान सांगितलंत. अबोली, टक्क्यांबद्दल एक लक्षात ठेव, शंभरातले साठ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते शंभर वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या तब्येतीचे लोक असतात, बाबा त्यातले कोण हे तो रिपोर्ट सांगत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारताना या रिपोर्टने उपचारात काय बदलणार असं विचारलंस तर कामाचं उत्तर मिळेल.

आणि एक कामाची गोष्ट. २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दुसऱ्या केमोनंतर रक्तात एनपीएम१ची खूण उरली होती त्यांच्यात तीन वर्षांत आजार परतायचं प्रमाण ८२ टक्के होतं आणि जिथे उरली नव्हती तिथे ३०. घाबरवायला सांगत नाहीये, दुसऱ्या सायकलनंतरची एमआरडी टेस्ट, म्हणजे आजार थोडाही उरलाय का ते बघणारी, चुकवायची नाही एवढ्यासाठी सांगतेय, ट्रान्सप्लांटचा विचार करताना ती फार कामी येते. त्या टेस्टसाठी म्युटेशनचा प्रकार माहीत असावा लागतो, ए, बी, डी किंवा दुसरा कुठला. तुझ्या रिपोर्टमध्ये लिहिलाय का बघ, नसेल तर लॅबला आत्ताच फोन कर.

अबोली_२२

टाइप ए लिहिलंय. बाबांनी स्वतःच शोधून दिलं, मी विचारलं तसं चष्मा लावून फाइल मांडीवर घेतली आणि बोट ठेवून दाखवलं. आता तो कागद सगळ्यात वर लावून ठेवलाय.