फुकट दिसतं ते बघितलं तर चोर?

कराडकर_छत्रीवाला

कालच्या केबलच्या बिलावरच्या धाग्यात 'जागरूक ग्राहक' यांनी शेवटी पिंक टाकली: "महिन्याचे तीनशे रुपये वाचवायला गच्चीवर डिशची छत्री लावून फुकट इंग्रजी चॅनल बघणारे आणि आकडा टाकून वीज घेणारे, दोघेही भुरटे चोरच." तो धागा बंद झालाय, म्हणून इथे लिहितो.

आकडा टाकला की कुणाची तरी वीज जाते. माझ्या सहा फुटी छत्रीत जपानचं एनएचके वर्ल्ड पडलं म्हणून वरचं काय कमी झालं? त्याला कुलूपच नाही. कार्ड नाही, कोड नाही. लोकांनी बघावं म्हणूनच सोडलंय ते. डीडब्ल्यू या जर्मन चॅनलचा खर्च तिथला करदाता भरतो. तो बिचारा गप्प आहे आणि तुम्ही त्याचं वकीलपत्र घेऊन भांडताय!

आमच्याकडे १९९२ साली केबल आली तेव्हा स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसी, सगळं इंग्रजी आणि सगळं उघडं. केबलवाला छत्री लावून घरटी पैसे गोळा करायचा. आमची आजी स्टार प्लसवरची अमेरिकन मालिका रोज बघायची. एक शब्द कळायचा नाही, पण कोण कोणाला फसवतंय ते आमच्याआधी तिला कळायचं. ताईचं इंग्रजी बीबीसीच्या बातम्यांवर सुधारलं, शाळेत नव्हे. तेव्हा अख्खं गाव चोर होतं का?

छत्री मी भंगारातून घेतली, बंद पडलेल्या केबलवाल्याची. रिसीव्हर आणि एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा डबा) नवीन. महिन्याचं बिल शून्य. आता बोला.

जागरूक ग्राहक

बोलतो. मूळ वाक्य अर्धंच उचललंत. त्याच्या आधी मी कार्ड शेअरिंगबद्दल, म्हणजे एकाच्या पैसे भरलेल्या कार्डावर अनेकांनी बघण्याबद्दल, लिहिलं होतं, ते सोयीस्कर गाळलंत. 'फ्री टू एअर', म्हणजे फक्त उघडी चॅनलं, म्हणत लोक रिसीव्हर घेतात, महिन्याभरात त्याला वायफायचं डोंगल लागतं आणि मग कुठल्यातरी सर्व्हरवरून चाव्या येऊन पैसे भरायची चॅनलंही उघडतात. जपानी बातम्यांसाठी डोंगल कशाला लागतं हो?

दुसरं. परदेशी चॅनल इथे केबलवर दाखवायचं तर सरकारची डाउनलिंक, म्हणजे उपग्रहावरून इथे उतरवून घ्यायची, परवानगी लागते. उपग्रहावर दिसतं म्हणजे मंजूर झालं असं नसतं.

कराडकर_छत्रीवाला

माझ्या रिसीव्हरला डोंगलचं भोकच नाही. फोटो टाकू? आणि ती परवानगी वितरणासाठी आहे. मी वितरण करत नाही, मी चहा पीत बघतो.

खडूस_खाते

हिशोब मांडू. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायची (दूरसंचार नियामकाची) नवी दरपद्धत आली तेव्हा शंभर चॅनलांचे १३० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे नुसतं दार उघडायचं भाडं, पैसे भरायची चॅनलं वेगळी. त्यात इंग्रजी हवं तर अजून वेगळं. एवढं करून एचबीओ २०२० च्या डिसेंबरात देशातून गाशा गुंडाळून गेलं. बिल भरणाऱ्यांनी काय मिळवलं ते सांगा.

छत्रीवाल्यांनीही जास्त हुरळू नये. उघडं इंग्रजी म्हणजे बातम्या आणि जपानी पाककृती. सिनेमा, मालिका, क्रिकेट यातलं काही नाही. दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या फ्री डिशवर सरकारी डीडी इंडिया इंग्रजीत आहे, ते किती जण बघतात हे प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगावं.

मायमराठी_आग्रही

इंग्रजीसाठी एवढा जीव काढताय. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी फ्री डिशवर का नाहीत हे कुणी विचारलं? हिंदीवाल्यांनी मार्च २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल काढून घेतली, २०२० मध्ये मुकाट परत आणली. मराठी प्रेक्षक पैसे भरतो, म्हणून त्याच्याकडून घेतच राहतात. माझी आई गावी फ्री डिशवर सह्याद्री बघते आणि उरलेला वेळ हिंदी.

स्लाऊकर

इंग्लंडात आमच्याकडे २००८ पासून फ्रीसॅट आहे. एक छोटी डिश, बीबीसी, आयटीव्ही सगळं उघडं, महिन्याचं बिल नाही. पण घरात लाइव्ह टीव्ही लावायचा तर लायसन्स हवंच, एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं होतं. सासूबाई आल्या की विचारतात, फुकट आहे ना मग हे पत्र कसलं? तेव्हा 'फुकट' शब्द जपून वापरा.

कराडकर_छत्रीवाला

जपून वापरतो. एनएचकेचं लायसन्स जपानी माणूस भरतो, त्याला इथून नमस्कार.

सेक्रेटरी_ठाणे

धागा वाचून राहवलं नाही. चोरी की नाही ते तुम्ही बघा. गच्ची कुणाची, हे कुणीच विचारत नाही! आमच्या इमारतीत २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची आठ फुटी छत्री पॅरापेटवरून थेट खालच्या गाडीवर. गाडी कुणाची? माझी. विमा कंपनीने विचारलं, हे काय पडलं? मी काय सांगू, जपान?

कराडकर_छत्रीवाला

गाडीबद्दल वाईट वाटतं. पण नीट बोल्ट मारलेली छत्री उडत नाही.

सेक्रेटरी_ठाणे

बोल्ट! तेच सांगतोय. बोल्ट स्लॅबमध्ये मारतात, वॉटरप्रूफिंग फुटतं, पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या बेडरूममध्ये ओल. मग मीटिंग. मग वर्गणी. मग 'आम्ही का भरायची'. एकाच्या इंग्रजी बातम्यांसाठी चोवीस घरांनी प्लास्टर करायचं?

पहिला_मजला

वरच्या मजल्यावाल्यांनी ओलीचं रडगाणं बंद करावं. लिफ्टची वर्गणी आम्ही पहिल्या मजल्यावाले वापर न करता भरतो, तेव्हा कुणी मीटिंग घेत नाही.

सेक्रेटरी_ठाणे

लिफ्ट तुमचं फर्निचर चढवायला वापरलीत तेव्हा?

पहिला_मजला

तुम्ही मला ओळखताही का? कुठल्या सोसायटीतले आहात? सगळे सेक्रेटरी एकाच मातीचे.

मी_मंगला

काय चाललंय हे? चॅनलवरून लिफ्टवर आलात. माझं सांगते. सासऱ्यांना पक्षाघात झाला, दोन वर्षं अंथरुणाला होते. त्यांना मालिका नको, आरडाओरडीच्या बातम्या नकोत. भाच्याने छत्री लावून दिली, त्यावर शांत आवाजातल्या इंग्रजी बातम्या लागायच्या. ते जुने मॅट्रिक, अर्धं कळायचं. गच्चीवरून तक्रार आमच्याकडेही झाली. मी सेक्रेटरींना घरी बोलावून चहा दिला आणि सासऱ्यांच्या खोलीत बसवलं. पुन्हा तक्रार आली नाही.

सेक्रेटरी_ठाणे

ताई, तुमचा विषय वेगळा. तुम्ही परवानगी मागितली असती तर आम्हीही दिली असती. चहाशिवायसुद्धा.

जागरूक ग्राहक

बरं, उघडं चॅनल उघड्या छत्रीवर बघणं ही चोरी नाही. घ्या, मान्य. पण छत्रीवाल्यांपैकी निम्म्यांचे 'भाचे' कार्ड शेअरिंगवर मॅच दाखवतात, हे माझ्या चाळीत मी स्वतः बघतो.

कराडकर_छत्रीवाला

निम्मे कुठून मोजलेत? चाळीतून? उपकार झाले म्हणायचे. तुमच्या चाळीतले चोर असतील, असोत.

आता सगळेच गच्चीवर आलाय तर माझंही ऐका. आमचा सेक्रेटरीही असलाच. गेल्या आठवड्यात म्हणाला, छत्री काढा. मी नाही म्हणालो. ऑक्टोबर लागल्यापासून रोज सकाळी दहाच्या सुमारास चित्र फुटतं, आठ-दहा मिनिटं काही नाही, मग आपोआप नीट. दहा म्हणजे बरोबर त्याची गच्चीवर टाकी बघायला जायची वेळ! कुणीतरी छत्री हलवतंय आणि परत ठेवतंय. पाऊसही नाही, आणि सी-बँडला (मोठ्या छत्रीवर येतात त्या लहरींना) पावसाने एवढं होत नाही.

केबलनाना

अहो थांबा. छत्री आग्नेयेला आहे ना? १०५.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे?

कराडकर_छत्रीवाला

हो. का?

केबलनाना

मग सेक्रेटरी नव्हे, सूर्य. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. छत्री सूर्याकडेच बघते, त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही दिवस, रोज काही मिनिटं. मी १९९२ ला बारा फुटी छत्री लावली तेव्हा पहिल्या ऑक्टोबरात अख्खी गल्ली माझ्या दारात. मलाही माहीत नव्हतं. मी एलएनबी बदलला, वायर बदलली, छत्री हलवली, आणि हलवल्यामुळे खरंच गेलं. दोन दिवस बंद.

आणि १९९२ ची ती स्टार, बीबीसी ज्यावरून यायची त्या एशियासॅट १ उपग्रहाची गंमत सांगतो. तो मूळचा अमेरिकन वेस्टार ६. १९८४ मध्ये सोडला तेव्हा चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर आणला, दुरुस्त झाला, आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर. आपण सगळे त्या सेकंड हँड मालावर इंग्रजी शिकलो. तुमची भंगारातली छत्री त्याच घराण्यातली.

खडूस_खाते

नाना, दंडवत. या धाग्यात पहिल्यांदाच काहीतरी मिळालं.

सेक्रेटरी_ठाणे

म्हणजे सेक्रेटरी निर्दोष. नोंद घ्यावी.

कराडकर_छत्रीवाला

घड्याळ लावून बघितलं. १० वाजून २ मिनिटांनी गेलं, १० वाजून ११ मिनिटांनी आलं. गच्चीवर मी एकटाच होतो. सूर्य समोरच.

नाना, मान्य. पण सेक्रेटरीला मी परवाच लेखी तक्रार दिलीय, पोच घेऊन. त्यात 'छत्रीशी छेडछाड' असं लिहिलंय. प्रत अध्यक्षांना.

मी_मंगला

चहाला बोलवा.