मदत हवी आहे: घरातच केस आणि नखांचं पार्लर सुरू करायचंय

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा असेल तर सांगा, हा उडवते.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. सात वर्षं एका सलूनमध्ये केसांचं काम केलं: कटिंग, रूट टचअप (फक्त मुळांना रंग), ग्लोबल कलर (सगळ्या केसांना रंग), स्पा. मुलगी झाल्यावर सुटलं. मधे नखांचा, म्हणजे जेल पॉलिश (लॅम्पखाली कडक होणारं) आणि एक्स्टेन्शनचा (नखं कृत्रिमरीत्या लांब करायची), दोन महिन्यांचा कोर्स केला. आता मुलगी पहिलीत आहे, साडेबाराला घरी येते. परत नोकरी धरायची म्हणजे रात्री नऊला घर, ते जमणार नाही. म्हणून घरीच करावं म्हणतेय.

जागा म्हणजे वन बीएचकेला लागून असलेली दहा बाय सहाची बंद गॅलरी. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि गॅलरीत जायची वाट हॉलमधूनच. सासूबाईंचा धंद्याला विरोध नाही, केसांना आहे. "ज्या दिवशी पोळीत केस निघेल त्या दिवशी दुकान बंद," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

हाताशी सत्तर हजार आहेत, भिशीचे तीस मार्चमध्ये येतील. क्रॉफर्ड मार्केटला दोन चकरा झाल्या. हायड्रॉलिक खुर्ची, बॅकवॉश बेसिन (मान मागे टेकवून केस धुवायचं), आरसा, ट्रॉली, नखांचं टेबल, लॅम्प, ड्रिल असं सगळं धरलं की लाखाच्या वर जातं, प्लंबिंग वेगळं. मग केस आणि नखं दोन्ही एकदम सुरू करू, की आधी एकच? बेसिन गॅलरीत बसवू का? गुमास्ता (दुकानाची नोंदणी), वीज मीटर, सोसायटी यांचं काय करावं लागतं? आणि खरा घोर वेगळाच आहे. बिल्डिंगमधल्या बायका मला वहिनी म्हणतात. वहिनीने आयब्रोचे पैसे कसे मागायचे?

मेतकूट
अगं, नाशिकला अकरा वर्षं घरीच करतेय, म्हणून हक्काने सांगते. गॅलरीत बेसिन अजिबात नको. गॅलरीची मोरी बहुतेक वेळा पावसाच्या पाइपला जोडलेली असते. त्यात केस आणि रंगाचं पाणी गेलं की पाइप तुंबतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रंगीत पाणी दाखवायला वर येतात. माझ्याकडे आल्या होत्या. बाथरूमशेजारी जागा असेल तर तिथे, नाहीतर पहिले सहा महिने बेसिनच नको. कटिंगला स्प्रेची बाटली पुरते. रूट टचअपवाल्या शेजारणी डोक्याला कॅप घालून घरी जातात आणि वेळ झाली की धुतात, कुणाला काही वाटत नाही. स्पा मात्र बेसिनशिवाय करू नकोस, बादली-मगाचा स्पा कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.

केसांचं म्हणशील तर झाडू विसर. झाडूने केस उडतात, व्हॅक्यूमनेच काढायचे. जमिनीवर सलग लिनोलियम घाल, चटई नको. कामाचा एप्रन आणि चपला गॅलरीतच राहतील, त्या घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. माझ्या सासूबाई दोन महिन्यांत निवळल्या.

स्मूदनिंग, केराटिन अशी केस सरळ करायची कामं घरी घेऊ नकोस. काही क्रीममधून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड सुटतो. बंद गॅलरीत तुझे डोळे चुरचुरतील आणि हॉलमध्ये लेक अभ्यासाला बसलेली असेल.

पैशांचं सोपं आहे. पहिल्या दिवशी दारामागे छापील रेट कार्ड आणि आरशावर क्यूआर कोड. सवलत द्यायची तर त्यावर तारीख लिही: अमुक तारखेपर्यंत वीस टक्के कमी. एकदा फुकट केलंस की तो तुझा भाव ठरतो. आणि "हे आले की देते" म्हणणारीला हसून वहीवर सही करायला लाव, दुसऱ्या वेळी ती सुटे घेऊनच येते.

चौथी सीट
मी तुमचं संभाव्य गिऱ्हाईक. डोंबिवलीहून रोज सीएसएमटी. आमच्यासारख्यांना वेळ असतो तो संध्याकाळी साडेसातनंतर किंवा रविवारी. तुम्ही अकरा ते सहा उघडं ठेवणार असाल तर आम्ही येणारच नाही. आणि आमच्या डब्यातल्या मुलींना लांब एक्स्टेन्शन नकोत, सकाळी कणीक मळायची असते. दोन-तीन आठवडे टिकणारं जेल पॉलिश चालेल. गंमत म्हणजे रात्री नखं कापू नयेत म्हणणारी आमची मैत्रीण रात्री साडेआठला नखं रंगवून घ्यायला एका पायावर तयार असते.

हिशेबनीस
कागदांचं सांगतो. 2017 च्या कायद्यापासून महाराष्ट्रात एकटीने चालवायच्या आस्थापनेला गुमास्त्याची नोंदणी लागत नाही. कामगार विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची, चालू खातं उघडताना कामी येते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. सरकारी वाटणाऱ्या काही खाजगी साइट तिचे पैसे घेतात, तिकडे जाऊ नका. जीएसटीचा विचार वर्षाला 20 लाखांची उलाढाल होईपर्यंत नको. कमी पडणाऱ्या पैशांसाठी बँकेत सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

महावितरणचं लक्षात ठेवा. घराच्या काही भागात व्यवसाय असला तरी महिन्याला 300 युनिट आणि वर्षाला 3600 युनिटपर्यंत घरगुती दर चालतो. त्यापुढे गेलात तर व्यावसायिक दर लागू शकतो. 2000 वॅटचा ड्रायर तासभर फिरला की दोन युनिट. गॅलरीत एसी लावायच्या आधी हे गणित मांडा.

सोसायटीला तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात वेळ लिहा, एका वेळी एकच गिऱ्हाईक असेल हे लिहा, जिन्यात चपला आणि बोर्ड येणार नाही हेही लिहा. लोकांची तक्रार पार्लरबद्दल कमी आणि जिन्याबद्दल जास्त असते.

रानजाई
नखांचं काम करते म्हणून थोडं कडू बोलते. स्वस्तातलं जेल आणि कुठलाही लॅम्प अशी जोडी जमवू नका. वरून कडक दिसतं, आत ओलं राहतं, आणि ते कच्चं जेल कातडीला लागत राहिलं की ॲलर्जी होते. त्यातल्या हेमा या घटकाची ॲलर्जी एकदा जडली की जन्माची. ती गिऱ्हाइकाआधी आपल्याला होते, कारण आपण रोज हाताळतो. ज्या कंपनीचं जेल तिचाच लॅम्प घ्या, नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला. बाटलीवरचे घटकही वाचा. टीपीओ नावाचा घटक युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत 1 सप्टेंबर 2025 पासून बंद केला आहे, इकडच्या बाजारात तो अजून सहज सापडतो. ॲक्रिलिकच्या लिक्विडला फार उग्र वास आणि नख घासता घासत नाही, तर त्यात एमएमए हे घातक रसायन असल्याची शंका घ्या आणि परत करा.

निळ्या दिव्याच्या पेटीत अवजारं ठेवली की निर्जंतुक झाली असं कोर्समध्ये सांगतात. तसं नसतं. आधी साबणाने घासायची, मग जंतुनाशकात बुडवायची किंवा ऑटोक्लेव्ह करायची (दाबाच्या वाफेत निर्जंतुक). पेटी फक्त ठेवायला. आणि केसांच्या कलरला 48 तास आधी पॅच टेस्ट, वहिनी असा की ताई.

दोन्ही एकदम करू का, याचं उत्तर माझ्या मते नाही. नखांना दीड तास लागतो. हात लॅम्पमध्ये असताना आयब्रोवाली बेल वाजवणार, "पाचच मिनिटं गं" म्हणणार, आणि दोघीही नाराज होणार.

धागाकर्ती
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल घरी बसून ठरवलं. आधी केस आणि थ्रेडिंग, बेसिनशिवाय. नखं फक्त बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी, तीही वेळ ठरवूनच, आणि फक्त जेल पॉलिश. ड्रिल आणि एक्स्टेन्शनचं सामान यादीतून काढलं, बेरीज बासष्ट हजारांवर आली. रेट कार्ड सासूबाईंनी वाचलं आणि आयब्रोचे दहा रुपये वाढवायला सांगितले.

अर्ज रविवारी सेक्रेटरींना देतेय. मेतकूट ताई, व्हॅक्यूम कुठल्या प्रकारचा घेतला होता?

मेतकूट
डबीवाला घे. पिशवीवाल्यात केस अडकून बसतात.