मदत हवी आहे : पोतदारीचं मूळ गाव कसं शोधावं?

आमचं आडनाव पोतदार. पेशवाईत नाणी पारखणारा तो पोतदार. हे काम सोनारांकडेही असे आणि देशस्थांकडेही, त्यामुळे नुसत्या आडनावावरून काहीच कळत नाही.

आम्ही देशस्थ ऋग्वेदी, कुलस्वामिनी तुळजाभवानी, सध्या वाई तालुक्यात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची नोंद सापडली, पण गाव वाईच! जुने फेरफारही पाहिले. त्यामागचं काही नाही. नातेवाइकांकडे फक्त दंतकथा. घरात सनद नाही. मोडी मला येत नाही, वाचून देणारे मात्र ओळखीचे आहेत. पुण्याला एकच दिवस जाता येईल.

तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात (पेशवेकालीन सरकारी कागदांच्या संग्रहात) पोतदारीच्या वतनाचे कागद परगण्यानुसार शोधायचे की घराण्याच्या नावाने? की आधी इनाम कमिशनचे (इंग्रजी अमलात इनामं-वतनं तपासणाऱ्या आयोगाचे) कागद मागावेत?