रील म्हणजे लेखन नव्हे? मराठीच्या प्रकल्पांवरून उत्तर

खडू-डस्टर
परवा इथे 'सातवीची आई' यांनी लिहिलं की निबंधाऐवजी व्हिडिओ किंवा ध्वनिफीत मागणाऱ्या मराठीच्या शिक्षकांना वह्या तपासायचा कंटाळा असतो, म्हणून ते मुलांच्या हातात फोन देतात. शेवटी 'रील बनवणं म्हणजे लेखन नव्हे, हे एकदा ठरवून टाका' असा निकालही दिला. त्यावर धडाधड अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसलो, पण ते 'कंटाळा' काही डोक्यातून जाईना.

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवतो, इचलकरंजीच्या पट्ट्यात. गेल्या वर्षी 'आमच्या घरातला आवाज' असा विषय दिला होता. तीन मिनिटांची ध्वनिफीत, आधी लेखी संहिता. एका मुलीची पहिली संहिता अशी होती: 'माझे बाबा यंत्रमागावर काम करतात. ते रात्रंदिवस कष्ट करतात. त्यांच्या कष्टाला सलाम.' मागे कुठून तरी उतरवून घेतलेला पियानो. मी एवढंच विचारलं, माग कुठे आहे? पुढच्या वेळी ती मागाचा आवाज घेऊन आली, तर त्यात बाबांचं बोलणंच ऐकू येईना. मग तिने वीज जायची वाट बघितली. आता तिची फीत अशी आहे: वीसेक सेकंद नुसता खडखडाट, तो एकदम थांबतो, आणि त्या शांततेत बाबा म्हणतात, 'लाइट गेली की कान वाजायला लागतात बघ.' पियानो गेला. 'कष्ट करतात' हे वाक्य तिने स्वतः खोडलं. का, विचारलं तर म्हणाली, 'सर, आवाज ऐकल्यावर ते उगाच वाटतंय.'

कुठलं वाक्य नको, हे कळणं म्हणजेच लेखन. सारांशलेखन शिकवून शिकवून अर्ध्या वर्गाला जे कळत नाही, ते तिला त्या खडखडाटाने शिकवलं. आणि वेळेचं म्हणाल, तर निबंधाच्या वहीला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ एका फितीमागे जातो, कारण संहितेचे खर्डे मी वाचतो.

2019 च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात, युवकभारतीत, अनुदिनी म्हणजे ब्लॉग लेखन आहे, रेडिओजॉकी आहे. बारावीच्या पुस्तकात मुलाखत आहे, माहितीपत्रक आहे. आणि आपण मुलांना काय करायला लावतो? 'रेडिओजॉकीच्या अंगी कोणते गुण असावेत' याचं उत्तर पाठ करायला. माइकसमोर एक वाक्यही न बोललेली मुलं त्यावर पूर्ण गुण घेऊन जातात. याचा राग येत नाही का कुणाला?

सातवीची आई
येतो ना राग. पण माझ्या घरात काय झालं ते ऐका.

'पाणी वाचवा' यावर व्हिडिओ. सूचना आली व्हॉट्सअॅप ग्रुपवर, तीही मुदतीच्या आदल्या दिवशी. रात्री साडेदहाला मुलगी रडायला लागली. नवरा ऑफिसमधून दमून आलेला, त्याने कुठल्याशा अॅपमधला तयार साचा घेतला, नळाचे फोटो टाकले, संगणकाचा आवाज लावला. मुलीने काय केलं? शेजारी बसून 'बाबा, फॉन्ट गुलाबी कर' म्हणाली. पूर्ण गुण! तिच्या वर्गात एका मुलाने फोन नाही म्हणून चार पानं हाताने लिहून दिली, ती मी वाचली आहेत, फार सुंदर होती. त्याला 'व्हिडिओ अपेक्षित होता' असा शेरा.

सर, तुमची मागाची गोष्ट छान आहे. तुमच्यासारखे किती? बाकी ठिकाणी आईबापांचीच परीक्षा असते. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात 'सर्व विषयांचे प्रोजेक्ट करून मिळतील' अशी पाटी वर्षानुवर्षं आहे. आता व्हिडिओचा वेगळा दर आहे.

आणि अंतर्गत गुणांचं नाव काढू नका. 2019 ला दहावीला भाषेचे तोंडी गुण काढले, तर राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. परत दिले, 2020 ला 95.30. प्रकल्पाचे गुण कसे वाटतात ते सगळ्या राज्याला कळलं त्या वर्षी.

खडू-डस्टर
ताई, 2019 ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, कृतिपत्रिका म्हणजे प्रश्नपत्रिकेचा साचाही नवा. सगळी घसरण तोंडी गुणांच्या खात्यावर टाकू नका. 2020 लाही भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झालाच नव्हता. पण गुण खिरापतीसारखे वाटले जातात, हे मान्य. ते निबंधालाही वाटले जातात. आणि आता घरून लिहून आणलेला निबंध तर चॅटजीपीटीचा असतो, 'मानवी जीवनात पाण्याचे अनन्यसाधारण महत्त्व आहे' हे वाक्य मी एकाच गठ्ठ्यात इतक्यांदा वाचतो की डोकं फिरतं. बापाच्या तोंडचं 'कान वाजायला लागतात' हे कुठलं यंत्र देणार आहे?

एमएड चालू आहे
हे नवीन नाहीच मुळी. न्यू लंडन गटाच्या दहा अभ्यासकांनी 1996 मध्येच मांडलंय की साक्षरता नुसत्या अक्षरांपुरती ठेवता येणार नाही. चित्र, आवाज, हावभाव, जागा, सगळ्यांतून अर्थ घडतो आणि मुलांना तो घडवायला शिकवलं पाहिजे. आपण तीस वर्षं मागे आहोत.

झेडपी गुरुजी
दहा अभ्यासकांना एकदा आमच्या शाळेत पाठवा. दोन शिक्षक, पाच इयत्ता.

मला व्हिडिओबद्दल काही सांगू नका. वृक्षारोपण केलं, फोटो अपलोड करा. पोषण आहार वाटला, फोटो. शपथ घेतली, व्हिडिओ, तोही आडवा हवा. मतदार याद्यांचं काम डोक्यावर आहेच. दुपारी रेंज येते त्या वडाखाली उभं राहून मी फाइल चढवत असतो आणि वर्गात पोरं गोंधळ घालत असतात. एक उपक्रम नीट शिकवला का, हे विचारायला आजवर कुणी आलं नाही. फोटो का नाही आला, याच्या नोटिसा मात्र येतात. उद्या 'प्रत्येक मुलाचा एक डिजिटल प्रकल्प' असं परिपत्रक निघालं की तुमच्या या सुंदर कल्पनेचं काय होईल ते मी आजच सांगतो: गुरुजीच सगळ्यांचे व्हिडिओ बनवतील, रात्री, घरी बसून.

एमएड चालू आहे
गुरुजी, पण झेडपीच्याच डिसले गुरुजींनी क्यूआर कोडची पुस्तकं करून दाखवली ना? 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ परितेवाडीला आलं.

झेडपी गुरुजी
आलं, अभिमान आहे. दहा लाख डॉलरमधले अर्धे त्यांनी बाकीच्या नऊ जणांना वाटले, त्याचा तर जास्त अभिमान आहे. पण क्यूआर कोड म्हणजे शिक्षकाने बनवायचं आणि मुलांनी बघायचं. इथे मुलांनी बनवायची गोष्ट चालली आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

मुद्रितशोधक
मूळ मुद्दा सगळे सोडून देत आहेत. या व्हिडिओंमधली अक्षरं कुणी बघता का? एका स्पर्धेसाठी शाळकरी मुलांचे व्हिडिओ तपासायला बसलो होतो. पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरांत 'आनि', 'पानी', 'शिक्षन'. खाली परीक्षकांचा शेरा, 'उत्कृष्ट सादरीकरण'. वहीतली चूक वहीत राहते, ही हजार लोकांपर्यंत जाते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 चे चार, एकूण अठरा. तेवढे शिकवायला वेळ नाही आणि कॅमेऱ्याचे कोन शिकवायला आहे.

तापीकाठ
आलेच! मी वाट बघत होतो, कधी हे निघतं.

आमच्या पोरांना पहिलीपासून हेच ऐकवलं जातं. घरी अहिराणी, शाळेत 'असं बोलू नकोस'. माझी भाची नववीपर्यंत निबंधाचं अर्धं पान भरायची नाही. बाईंनी एकदा सांगितलं, आजीची मुलाखत घे, जशी बोलते तशी. 'मनी माय सांगस...' म्हणून जी सुरुवात झाली ती पोरगी थांबेचना. दुष्काळात गुरं कुठे नेली, कोणी परत आली नाहीत, सगळं. त्या दिवशी घरातल्यांना कळलं की हिला बोलायला येतं. अठरा नियमांनी आठ वर्षांत जे केलं नाही ते एका रेकॉर्डिंगने केलं. तुमच्या लाल शाईने किती पोरं गप्प केली त्याची यादी कोण ठेवणार?

मुद्रितशोधक
माझ्या शाईवर येऊ नका. बोलीला मी कुठे नाव ठेवलं? बोलणं बोलीत करा, लिहिणं प्रमाण भाषेत. दहावीच्या कृतिपत्रिकेत लेखननियमांनुसार लेखनाला गुण आहेत. ते भाचीचे गेले तर भरून तुम्ही देणार का?

तापीकाठ
गुणांची भीती दाखवूनच तर हे सगळं चालतं. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्याकडे अठरा नियम घेऊन गेला असतात तर आज काय उरलं असतं?

मुद्रितशोधक
उत्तम उदाहरण दिलंत. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ती गाणी लिहून घेतली, म्हणून 1952 साली अत्र्यांच्या हातून ती लोकांपुढे आली. लिहिली म्हणून टिकली. आणि जशी म्हटली जात तशी लिहिली, बोलीतच. तेव्हा मी बोलीच्या विरोधात आहे हे माझ्या तोंडी घालू नका. बोली नीट उतरवायलाही कान आणि शिस्त लागते. व्हिडिओतल्या मुलाने 'पानी' लिहिलं ते आजीचं बोलणं उतरवलं म्हणून की त्याला 'पाणी' येत नाही म्हणून, एवढाच माझा प्रश्न आहे.

तापीकाठ
हा प्रश्न आधी विचारला असतात तर इतकं पेटलं नसतं. तुम्ही थेट 'चूक' म्हणालात.

खडू-डस्टर
यावर मी करतो ते सांगतो. फितीत माणूस जे बोलतो ते संहितेत त्याच्याच बोलीत, अवतरणात. निवेदन मुलाचं, ते प्रमाण भाषेत. कुठे अवतरण संपतं आणि निवेदन सुरू होतं हे ठरवताना मुलं वर्गात अक्षरशः भांडतात. एकाने मालवणी आजोबांचं बोलणं पडद्यावर प्रमाण भाषेत दिलं होतं, कानाला एक आणि डोळ्याला एक. दुसरा म्हणाला, मग आजोबा खोटे वाटतात. अर्धा तास तेच चाललं होतं. व्याकरणाच्या तासाला असा अर्धा तास मला कधी मिळालेला नाही.

मुद्रितशोधक
हे वर्गात होत असेल तर माझी हरकत नाही. होतं यावर विश्वास ठेवायला मात्र मला एखादी संहिता बघावी लागेल.

सातवीची आई
सगळे बोलीवर भांडताय आणि माझ्या मुद्द्याला उत्तर कुणीच दिलं नाही. फोन कुणाचा?

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा 2023 चा अहवाल काढा. 14 ते 18 वयाची मुलं, ग्रामीण भाग. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8. म्हणजे तुमचा प्रकल्प मुलगी करणार भावाच्या फोनवर, भाऊ देईल तेव्हा, भाऊ बघेल तेवढंच. वहीला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या कामवाल्या ताईंच्या मुलीला ऑनलाइन शाळेच्या काळात फोन मिळाला, पण तिचा प्रत्येक मेसेज घरातले वाचायचे. तिला 'घरातला आवाज' रेकॉर्ड करायला सांगाल? त्याच अहवालात आहे की या वयाच्या चौथा हिस्सा मुलांना दुसरीचा मजकूर त्यांच्या भाषेत सलग वाचता येत नाही. त्यांना आधी वाचायला शिकवा ना!

एमएड चालू आहे
पण दोन्ही एकत्र शिकवता येतं, संशोधन असं सांगतं की...

सातवीची आई
संशोधन नको. तुम्ही सातवीच्या वर्गावर किती शिकवलंय ते सांगा.

झेडपी गुरुजी
ताई, त्याच्यावर कशाला ओरडता, शिकतोय तो. पण फोनचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. माझ्या वर्गात चौथीची एक मुलगी गोष्ट इतकी सुरेख सांगते, घरी फोन आहे तो बापाच्या खिशात, बाप ऊसतोडीला. सहा महिने तो फोनही नाही आणि कधीकधी मुलगीही नाही.

खडू-डस्टर
फोनचा मुद्दा बिनतोड आहे, वाद घालत नाही. म्हणूनच माझ्याकडे घरच्या फोनची सक्ती नाही. शाळेच्या संगणक कक्षात ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, जुन्या संगणकावर चालतं. चौघांचा गट, रेकॉर्डिंगसाठी एक फोन, तो माझा. घरातलं काही सांगायचं नसेल तर एसटी स्टँड चालतो, बाजार चालतो. ज्याला आवाज नकोच त्याने लिहून द्यावं, गुण तेच. वीसपैकी दहा गुण संहितेच्या खर्ड्यांना, पाच 'काय काढलं आणि का' या एका पानाला, फितीला फक्त पाच. बापाने व्हिडिओ बनवून दिला तरी बापाला पाचच मिळतात. आणि चार पानं लिहून देणाऱ्या त्या मुलाला तसा शेरा देणारा शिक्षक माझ्या बाजूचा नाही, तो कुठल्याच बाजूचा नाही.

तापीकाठ
आणि चित्रपटातलं गाणं मागे लावायचं नाही, हेही लिहा. आमच्याकडे दुष्काळाच्या फितीलाही लग्नातलं गाणं होतं.

सातवीची आई
शाळेत, शाळेच्या वेळेत, शाळेच्या साधनांवर, लिहून द्यायची मुभा ठेवून, आणि खर्ड्यांना जास्त गुण. एवढं असेल तर आवाजापुरतं मान्य. व्हिडिओला माझा विरोध आहे तो आहे. सातवीच्या मुलींचे चेहरे वर्गाच्या ग्रुपवर फिरायला नकोत. आणि सूचना आदल्या रात्री आली तर मी पुन्हा इथे लिहीन.

झेडपी गुरुजी
सर, ते गुणांचं कोष्टक मला पाठवा. चौथीला वीस गुण नाहीत, पण 'काय काढलं आणि का' हे मी तोंडी विचारू शकतो. परिपत्रक निघायच्या आत करून बघतो.

मुद्रितशोधक
मलाही त्या मागवाल्या मुलीची संहिता पाठवा. पहिला खर्डा आणि शेवटचा, दोन्ही. नाव झाकून.