मदत हवी आहे: इन्चार्ज सिस्टरांना पुराव्यावर आधारित शुश्रूषा कशी शिकवावी?

नमस्कार. मी एका शासकीय रुग्णालयात परिसेविका आहे. वॉर्डांच्या आठ इन्चार्ज सिस्टरांना पुराव्यावर आधारित शुश्रूषेचे (म्हणजे नुसत्या सवयीऐवजी संशोधन पाहून काळजी घेण्याचे) प्रशिक्षण द्यायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. व्याख्यान ठेवले की सगळ्या वहीत लिहून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात पूर्वीचेच सुरू.

म्हणून एकच प्रश्न घ्यायचे ठरवले आहे: इंट्राकॅथ (सलाईन-औषधांसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) कधी बदलायचे? आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सरसकट बदलतात. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) मात्र ठरावीक दिवसांनी बदलणे आणि गरज पडेल तेव्हाच बदलणे, यांत शिरेला सूज येण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. पण रोज जागा तपासलीच पाहिजे. एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असताना ती तपासणी खरोखर होईल का, हीच माझी खरी काळजी आहे. ती होणार नसेल तर जुना नियमच सुरक्षित, असे मला वाटते.

आयोवा मॉडेलप्रमाणे (पुरावा पाहून कामाची पद्धत टप्प्याटप्प्याने बदलण्याची रीत) आधी एकाच वॉर्डात करून पाहणार आहे. शिरेच्या सुजेची व्हीआयपी गुणपट्टी (नळीची जागा पाहून सुजेला गुण देण्याचा तक्ता) मराठीत करून केस पेपरला लावायचा विचार आहे. कोणी ती वापरली आहे का? डॉक्टरांना आणि मेट्रन मॅडमना कसे राजी केलेत? रात्रपाळीत नोंदी कोण ठेवायचे? नियम बदलण्याआधी किती दिवसांच्या नोंदी घेतल्यात?

लहान रुग्णालयातला अनुभव असेल तर आवर्जून लिहा. पुढच्या आठवड्यात पहिली बैठक आहे.