‘लो स्लोप’ आणि ‘व्हॅली’ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ: छपराच्या कामाची एक माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. वाचणारे जळगाव-धुळ्याकडचे फॅब्रिकेटर आणि पत्रे बसवणारे कारागीर. दोन शब्दांवर काम अडलंय. एक ‘लो स्लोप रूफ’, दुसरा ‘व्हॅली’, म्हणजे एल आकाराच्या घरात दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) आतल्या कोपऱ्यात मिळतात ती रेघ. आधीच्या मसुद्यात ‘सखल छत’ आणि ‘दरी’ केलंय. ‘दरीच्या मध्यरेषेपासून सहा इंचांच्या आत खिळा मारू नये’ हे वाक्य मिस्त्रीला काहीच सांगत नाही. पुस्तिका अमेरिकी आहे, त्यामुळे उतार २:१२, ४:१२ असे दिलेत.

गेजमास्तर: आधी आकड्यांचं बघा, ताई. २:१२ तसंच ठेवू नका, ‘फुटाला दोन इंच’ लिहा, म्हणजे साधारण साडेनऊ अंश. फुटाला चार इंच म्हणजे अठराच्या थोडं वर. पुस्तिकेतले डांबरी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवायचे चपटे तुकडे, फुटाला दोन इंचांच्या खाली बसवतच नाहीत, आणि दोन ते चारच्या मधे खालचं अंडरले (शिंगलखालचा पाणी अडवणारा थर) दुहेरी घालावं लागतं. आपल्याकडचा ट्रॅपेझॉइडल (चौकोनी नागमोडीचा) पत्रा मात्र फुटाला एक इंचापर्यंत चालतो, लॅप, म्हणजे एकावर एक चढलेल्या कडा, नीट असतील तर. तिथेच मंगळुरी कौल घातलं तर वाऱ्याचं पाणी जोडातून उलटं चढतं. त्याला पंचवीस-तीस अंश हवेतच. म्हणजे ‘लो’ काय ते मालावर ठरतं. कौलाला जो उतार कमी, तो पत्र्याला भरपूर. ‘कमी उतार’ लिहा आणि प्रत्येक ठिकाणी आकडा द्या.

कडीपाट: ‘कमी उतार’ हे वर्णन झालं, शब्द नाही. मराठीत ‘ढाळ’ आहे ना! मोरीला ढाळ, गच्चीला ढाळ, ओट्याला ढाळ. उतारावरून पाणी पळतं, ढाळावरून सरकतं. ‘ढाळाचं छप्पर’ म्हटलं की कळतं, इथे पाणी रेंगाळणार. मग एकावर एक चढवलेले तुकडे पुरत नाहीत, सलग थर लागतो. मालाची निवड शब्दातूनच कळते.

ओटापडवी: इथे तोच शब्द नुकसान करेल. गच्चीचा ढाळ शंभराला एक, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच. त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) चालतो, किंवा टॉर्चने चिकटवायचं डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी: बाजूचा लॅप १०० मिमी, टोकाचा १५०, आणि कठड्यावर निदान १५० मिमी चढवलेलं. कारागिराने ‘ढाळ’ वाचून तेवढ्याच उतारावर पत्रा टाकला तर? पत्र्याला त्याच्या आठ-नऊ पट उतार लागतो. नाहीतर आडव्या लॅपमधल्या बारीक फटीत पाणी ओढलं जातं, वाळत नाही, आणि पत्रा आतून गंजतो. वरून दिसतही नाही. कमी उतारावर लॅप दीडशेऐवजी दोनशे मिमी घ्यायचा आणि आत ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) टाकायची, ती याचसाठी.

कडीपाट: मोरीचा ढाळ फुटाला पाव इंच, गच्चीचा त्याच्या निम्मा, तरी दोन्ही ढाळच. शब्दाने आकडा सांगावा ही अपेक्षाच चुकीची आहे. उद्या ‘उतार’ शब्दालाही अंश चिकटवाल.

रानकेळी: व्हॅलीकडे कोणी बघेना. त्याला ‘पन्हळ’ म्हणा. संस्कृत प्रणाल, त्याचं पन्हाळ, पन्हळ. आमच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून पन्हाय. दोन पाख्यांचं पाणी गोळा करून वाहून नेते ती पन्हळच, आणखी काय?

गेजमास्तर: पन्हळ वळचणीला असते, भाऊ. पागोळ्या झेलणारी. ‘पन्हळ वीस फूट’ अशी ऑर्डर गेली की दुकानातून चौकोनी गटर येतं. व्हॅलीचा पत्रा वेगळाच असतो: उलगडून दोन फूट रुंद, ०.६० मिमी किंवा जाड, मधे इंचभर उंचीची उभी घडी. ही घडी महत्त्वाची, कारण एका पाख्याचं पाणी जोरात आलं तर समोरच्या पत्र्याखाली घुसतं. घडी ते अडवते. दोन्ही कडा आत दुमडलेल्या हव्यात. स्क्रू मध्यरेषेपासून १५० मिमीच्या बाहेर, आणि व्हॅलीच्या पत्र्याला भोक न पाडता दुमडलेल्या कडेत क्लिप अडकवायची. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्रा सत्तर अंशांपर्यंत तापतो. पहाटेपेक्षा पन्नास अंशांनी तापलेला सहा मीटरचा लोखंडी पत्रा साडेतीन मिमीने वाढतो, ॲल्युमिनियमचा जवळजवळ सात. घट्ट आवळला तर स्क्रूचं भोक लांबट होतं आणि वॉशर सुटतो.

बापू_ट्रस: एक गोष्ट राहून जातेय, आणि ताईंच्या दोन्ही शब्दांचा सांधा तिथेच आहे. व्हॅलीचा उतार छपराएवढा नसतो. दोन्ही पाखी सारख्या उताराची आणि काटकोनात असतील तर व्हॅली तिरकी जाते. फुटाला चार इंचांचं छप्पर असेल तर व्हॅलीला फुटाला पावणेतीन-तीन इंचच मिळतात. पाच अंशांच्या पत्र्याच्या छपराला साडेतीन अंशांची व्हॅली. म्हणजे छप्पर नियमात बसतं, व्हॅली बसत नाही, आणि पाणी मात्र तिथे दोन पाख्यांचं. म्हणून व्हॅलीखाली सलग चिकटणारं मेम्ब्रेन आधी, पत्रा त्यावर. आणि दोन्हीकडचे पत्रे मधोमध भिडवू नका. चार-पाच इंच उघडी वाट ठेवा. निंबाचा पाला आणि कबुतराच्या काड्या अरुंद फटीत अडकल्या की मागे तळं साचतं.

तापीकाठ: बापू, हे पुस्तिकेत घालायलाच हवं. पण त्या रेघेला म्हणू काय?

बापू_ट्रस: व्हॅलीच. फॅब्रिकेटरला रिज कळतो, पर्लिन कळते, व्हॅलीही कळते.

रानकेळी: म्हणजे आढे, वासे, पाखे, वळचण हे सगळे शब्द सोडून द्यायचे? वापर थांबला म्हणून शब्द मेला असं म्हणायचं, आणि वापरायचाही नाही. निदान ‘कोनपन्हळ’ लिहून पाहा. दोनदा वाचलं की रुळेल. तुमची गटरची अडचणही सुटते.

कडीपाट: कोनपन्हळला माझं अनुमोदन. आणि कमी उताराच्या छपराला खानदेशात मुळात शब्द आहे, ‘धाबं’. आपली जुनी घरं धाब्याचीच.

ओटापडवी: धाब्याचं घर म्हणजे मातीचं छत. कड्यांवर (लाकडी तुळयांवर) तुराट्या किंवा फळ्या, त्यावर पाला, मग माती आणि वरून खारी माती. ते शिंगलला कसं लावणार?

कडीपाट: शब्द वस्तूला चिकटून राहत नाही. ‘नियम धाब्यावर बसवले’ हे त्याच धाब्यावरून आलं असावं: नको ती वस्तू छतावर नेऊन टाकायची, म्हणजे नजरेआड. तिथे माती कुठे आहे?

रानकेळी: मग ‘धाबे दणाणले’चं काय? तिथे भीती आहे. छतावर कोणी धावत गेलं की खालच्याला धसका बसतो, म्हणून. दोन्ही वाक्प्रचार एकाच धाब्याचे.

बापू_ट्रस: ‘धाबे दणाणणे’ छताचंच आहे हे मला पटत नाही. जाड मातीचं छत दणाणत नाही, आवाज गिळतं. पत्रा दणाणतो.

तापीकाठ: खारी मातीच का पण? साधी काळी का नाही?

ओटापडवी: काळी माती वाळली की बोटभर भेगा पडतात. खाऱ्या मातीत सोडियम असतं. पाणी लागलं की तिचे कण सुटे होऊन फुगतात आणि छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी खाली झिरपत नाही. पावसाळ्याआधी तिचा थर देतात. मात्र जुना थर खरवडून मगच नवा टाकावा. दहा सेंटीमीटर ओली माती दर चौरस मीटरला १८० किलोच्या आसपास भरते. वर्षानुवर्षं नुसती भर घातली की कडी मधोमध वाकते, तिथे खळगा होतो, पाणी पन्हाळापर्यंत पोचत नाही, आणि भिंतीत शिरलेलं कडीचं टोक आधी कुजतं.

रानकेळी: बघा, तुम्हीही ‘पन्हाळ’च लिहिलंत.

ओटापडवी: धाब्याच्या कडेला बाहेर काढलेल्या नळीला. व्हॅलीला नाही.